अंग आंबलं म्हणजे व्यायाम लागला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३१, दिवसभर बसून काम, तीन आठवड्यांपूर्वी जिम लावली. पहिल्या लेग डेनंतर दोन दिवस जिना उतरता येईना, घरचे म्हणाले बंद कर ते जिम, ट्रेनर म्हणाला दुखतंय म्हणजे मसल बनतोय. आता तिसऱ्या आठवड्यात तोच व्यायाम करून काहीच दुखत नाहीये, तर व्यायाम लागत नाहीये का, वजन एकदम वाढवू का, आणि ते लॅक्टिक ॲसिड साचतं ते काढायला काय करू.

मी १८ वर्षं पुण्यात लोकांना वजनं उचलायला शिकवतोय आणि त्याआधी लहानपणी गावच्या तालमीत जोर-बैठका मारलेला माणूस आहे, त्यामुळे हा प्रश्न मी दर महिन्याला ऐकतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण या एका गैरसमजामुळे लोक एकतर घाबरून पहिल्याच आठवड्यात जिम सोडतात, नाहीतर दुखण्याच्या मागे लागून स्वतःची वाट लावून घेतात.

आधी शब्दांचं बघू. आपल्या मराठीत या दुखण्यांना वेगवेगळी नावं आहेत आणि ती खूप कामाची आहेत. गोळा आला म्हणजे स्नायू अचानक आवळून बसला, रात्री झोपेत पोटरीत येतो तसा, दाबून ताणला की जातो. उसण भरली, चमक भरली म्हणजे वाकताना-वळताना एका जागी कळ आली. लचकला, मुरगळला म्हणजे सांध्याचं काम. आणि अंग आंबलं, मांड्या भरून आल्या म्हणजे काल नवीन काहीतरी कष्टाचं काम केलं आणि आज सगळा स्नायू ठणकतोय. तुम्हाला झालं ते हे शेवटचं. माझ्याकडे कोणी "सर दुखतंय" म्हणत आला की मी पहिलं हेच विचारतो, आंबलंय का चमक भरलीये, आणि गावाकडचा माणूस असेल तर एका शब्दात उत्तर देतो, अर्धी तपासणी तिथेच होते.

आता गंमत बघा, आंबलं हा शब्दच असा आहे की आत काहीतरी आंबट साचलंय असं वाटतं, आणि लॅक्टिक ॲसिडची गोष्ट त्याला अगदी चपखल बसते. पण ती गोष्ट चुकीची आहे. सेट मारताना बाराव्या-पंधराव्या रेपला (एक रेप म्हणजे तीच हालचाल एकदा, आणि न थांबता मारलेल्या रेप मिळून एक सेट) मांडी जळते ना, त्या जळजळीच्या वेळी लॅक्टेट, म्हणजे लोक ज्याला लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते, खरंच वाढलेलं असतं. पण व्यायाम थांबला की तासाभरात ते बहुतेक नेहमीच्या पातळीला येतं, हृदय आणि बाकीचे स्नायू ते इंधन म्हणून वापरूनसुद्धा टाकतात. तुमचं दुखणं सुरू झालं दुसऱ्या दिवशी सकाळी, तोवर ते कुठे शिल्लक होतं? १९८३ मध्ये यावर एक साधा सुंदर प्रयोग झाला, काही लोकांना सपाटीवर पळवलं आणि काहींना उतारावर. सपाटीवाल्यांचं लॅक्टेट वाढलं पण त्यांचे पाय दुखले नाहीत. उतारावाल्यांचं वाढलं नाही आणि दोन दिवस पाय त्यांचेच दुखले. त्यामुळे लॅक्टिक ॲसिड "काढायला" म्हणून कोणी मसाज, डिटॉक्स पाणी, पावडर विकत असेल तर पैसे घालवू नका.

मग दुखतं कशामुळे? तो प्रयोग उतारावर का केला त्यातच उत्तर आहे. तुम्ही सिंहगड चढला असाल तर आठवून बघा, चढताना दम लागतो, छाती धपापते, वर जाऊन पिठलं-भाकरी आणि दही खाताना वाटतं झालं, संपले कष्ट. पण दुसऱ्या दिवशी ज्या मांड्या बोंबलतात त्या उतरल्यामुळे. जे चढून गेले आणि जीपने खाली आले ते सोमवारी ऑफिसला नीट चालत जातात. उतरताना प्रत्येक पायरीला मांडीचा स्नायू ताकद लावत असतो आणि त्याच वेळी लांब होत असतो, म्हणजे ब्रेक मारत असतो. घरातलं उदाहरण घ्या, माळ्यावरून गव्हाचा भरलेला डबा हळूहळू खाली उतरवताना दंडाला जे होतं तेच. स्नायू आखडून डबा धरून ठेवायचा प्रयत्न करतोय आणि वजन त्याला ओढून लांब करतंय. याला एक्सेंट्रिक म्हणतात, आणि स्क्वॉटमध्ये खाली बसणं, लंजमध्ये पुढच्या पायावर उतरणं, डंबेल खाली आणणं, सगळं हेच.

या ओढाताणीत स्नायूच्या आतली बारीक रचना काही ठिकाणी विस्कटते. स्नायूचा एकेक तंतू म्हणजे हजारो छोट्या कप्प्यांची माळ असते, एक कप्पा साधारण २ ते २.५ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये चारशेच्या वर बसतात. ताकद लावून लांब होताना सगळे कप्पे सारखे ताणले जात नाहीत, जे कमजोर असतात ते जास्त ताणले जातात आणि त्यांच्या भिंती वेड्यावाकड्या होतात. १९८१ मध्ये स्वीडनमध्ये लोकांना पुन्हा पुन्हा जिने उतरायला लावून नंतर पायाच्या स्नायूचा कणभर तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितला तेव्हा या भिंती अशाच विस्कटलेल्या दिसल्या. आणि हा अंदाज त्याच्याही फार आधीचा आहे, अमेरिकेत थिओडोर हफ याने १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं की व्यायामाच्या वेळचं थकव्याचं दुखणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी येणारं वेगळं, आणि दुसरं दुखणं स्नायूच्या आत काहीतरी तुटल्यामुळे असावं.

पण विस्कटणं लगेच दुखत नाही, हे महत्त्वाचं. दुखतं ते डागडुजीचं काम सुरू झाल्यावर. पुढच्या काही तासांत तिथे पांढऱ्या पेशी येतात, थोडी सूज येते, काही रसायनं सुटतात आणि ती तिथल्या नसांची टोकं हळवी करून ठेवतात. म्हणून नुसतं पडून राहिलात तर फार दुखत नाही, पण बोटाने दाबलं, ताणलं, खुर्चीतून उठलात की कळ. या हळव्या होण्यात स्नायूच्या वरच्या पातळ आवरणाचा वाटाही मोठा आहे. १२ ते २४ तासांत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, पाच-सात दिवसांत गायब. तुमचं गणित यात बरोबर बसतंय.

आता मूळ मुद्दा, जो मला तुमच्या ट्रेनरलाही सांगायचा आहे. दुखणं एवढंच सांगतं की हे काम त्या स्नायूला नवीन होतं किंवा सवयीपेक्षा जास्त होतं. मसल बनतोय की नाही याबद्दल ते जवळजवळ काहीच सांगत नाही. फार लांब जायला नको, दोन माणसं डोळ्यासमोर आणा. एक मॅरेथॉन पळणारा, शर्यतीनंतर तीन दिवस त्याला जिना उतरता येत नाही, पण त्याच्या मांड्या बारीकच असतात. दुसरा ट्रॅकवर सायकल मारणारा, स्प्रिंटर, त्याच्या मांड्या म्हणजे अक्षरशः खांब, आणि सायकल चालवण्यात तो ब्रेक मारणारा ताण जवळपास नसतोच, पाय फक्त ढकलतात. दुखण्याने मांड्या वाढत असत्या तर चित्र उलटं दिसलं असतं.

अमेरिकेत २०११ मध्ये हेच तपासून बघितलं. एका गटाला थेट जोरात व्यायामाला लावलं, दुसऱ्या गटाला आधी तीन आठवडे हळूहळू सवय लावली आणि मग तेवढंच काम दिलं. पहिला गट दुखण्याने हैराण झाला, त्यांच्या रक्तात स्नायू दुखावल्याच्या खुणाही जास्त दिसल्या. शेवटी ताकद आणि मांडीची वाढ दोन्ही गटांत जवळपास सारखीच भरली. नंतर ब्राझीलमधल्या एका अभ्यासात असंही दिसलं की अगदी सुरुवातीच्या आठवड्यात शरीर जी प्रोटीनची बांधणी करतं ती बरीचशी डागडुजीतच खर्च होते, आणि नुकसान कमी झाल्यावरच ती खऱ्या वाढीच्या कामी येते. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तुमचं दुखणं थांबलंय ही काळजीची गोष्ट नाहीये, इथून पुढे खरं बांधकाम सुरू होतंय.

आणि दुखणं थांबलं कशामुळे? शरीर एका फटक्यात शिकतं. एकाच लेग डेने पुढचे कित्येक आठवडे, काही वेळा काही महिने त्या स्नायूला संरक्षण मिळतं, पुढच्या वेळी तेवढंच काम केलं तर दुखणं निम्म्याहून कमी. ढोल पथकात वाजवणारी मुलं माझ्याकडे येतात त्यांच्यात हे दरवर्षी बघतो, नवीन मुलगी पहिल्या आठवड्यात सरावानंतर हात वर करून केस विंचरू शकत नाही, कंबरेला पट्टा बांधून येते, आणि तीच मुलगी विसर्जनाला तासन् तास ढोल वाजवून दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाते. तालमीतले जुने वस्ताद हे कुठल्याही अभ्यासाशिवाय जाणून होते. आमच्या वस्तादांनी मला पहिल्या दिवशी फक्त २० बैठका आणि १० जोर मारू दिले. मला राग आला होता, शेजारचा पोरगा शेकड्याने मारत होता. ते म्हणाले, उद्या आलास तर अजून पाच मार. सगळं तंत्र त्या "उद्या आलास तर" मध्ये आहे.

तर तुमचा पहिला लेग डे चुकला कुठे, ते सांगतो. तुम्ही लिहिलंय स्क्वॉट, लेग प्रेस, लंजेस, लेग एक्स्टेन्शन, प्रत्येकी चार सेट. म्हणजे १६ सेट, ज्या मांड्यांनी पाच वर्षं खुर्ची सोडली नव्हती त्यांना पहिल्याच दिवशी. इतकं नको होतं. मी नवीन माणसाला पहिल्या दिवशी पायाचे दोन व्यायाम देतो, दोन-दोन सेट, आणि प्रत्येक सेट अजून चार-पाच रेप सहज निघतील अशा ठिकाणी थांबवतो. घरी जाताना तो नाराज असतो, म्हणतो सर घामपण नाही आला. पण तो परवा परत येतो, आणि मला तेच हवं असतं. लंजेस आणि आरडीएल (रोमेनियन डेडलिफ्ट, म्हणजे वजन हातात धरून कंबरेतून पुढे वाकायचं आणि सरळ व्हायचं) तर मी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतरच घेतो, कारण स्नायू पूर्ण ताणलेल्या अवस्थेत वजन पेलायचं असतं तिथे आंबणं सगळ्यात वाईट होतं, आरडीएलनंतर तर भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं ही शिक्षा वाटते. उलट काही स्नायू, म्हणजे बऱ्याच लोकांचे खांदे, कितीही मेहनत करा, आंबतच नाहीत, आणि तरी वाढतात.

दुखत असताना जिमला जायचं का, हे सगळेच विचारतात. उठता-बसता थोडं जाणवतंय एवढंच असेल तर जा, दहा मिनिटं सायकल किंवा चालणं केलंत की निम्मं दुखणं विरघळतं, मग नेहमीपेक्षा हलक्या वजनावर काम करा. अशा अवस्थेत व्यायाम केल्याने नुकसान होत नाही. पण पूर्ण खाली बसताच येत नसेल, खुर्ची धरून उठावं लागत असेल, तर त्या दिवशी पाय सोडा आणि पाठ-छाती करा. कारण अशा वेळी ताकद खरोखर कमी झालेली असते, शरीर दुखरी बाजू वाचवायला वाकडंतिकडं होतं आणि कंबर-गुडघ्यावर नको तो भार येतो. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते, दुखणं गेलं म्हणजे ताकद पूर्ण परत आली असं नसतं, जबरदस्त आंबलं असेल तर ताकद परत यायला दुखण्यापेक्षा जास्त दिवस लागू शकतात. त्यामुळे दुखणं गेल्याच्या दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड मोडायला जाऊ नका.

उपायांबद्दल पटकन. स्ट्रेचिंगने आंबणं जात नाही, व्यायामाआधी करा की नंतर, सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर १०० च्या मोजपट्टीवर अगदी काही गुणांचा फरक पडतो. मालिशने खरंच थोडं बरं वाटतं, हलक्या हाताने, तेल लावून, अंगावर उभं राहून तुडवून नाही. गरम पाण्याची आंघोळ, चालणं, नेहमीची हालचाल चालू ठेवणं, सगळं चांगलं. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या, त्याने पुढच्या सकाळी मांड्या मोकळ्या होतील अशी अपेक्षा ठेवू नका. बर्फाच्या पाण्यात बसण्याचं हल्ली फॅड आहे, दुखणं त्याने थोडं कमी होतं हे खरं, पण दर व्यायामानंतर बसलात तर स्नायूची वाढ कमी होते असं दिसलंय, आणि तुम्ही जिम तर वाढीसाठीच लावलीये. प्रोटीन खा, भरपूर खा, वाढीसाठी ते लागतंच, पण ते वेदनाशामक नाहीये. झोप मात्र सात-आठ तास घ्याच, जागरण करून आलेला माणूस मला वॉर्मअपमध्येच ओळखू येतो.

पेनकिलरबद्दल जरा थांबून बोलतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या लोक शेंगदाण्यासारख्या खातात. रोज जास्त डोस आठ आठवडे घेऊन वजनं उचलणाऱ्या तरुणांमध्ये स्नायूची वाढ कमी झाल्याचं स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलंय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी कमी प्यायलेल्या, प्रचंड आंबलेल्या अंगावर या गोळ्या किडनीला जड जातात. नुसत्या आंबण्यासाठी या गोळ्या घेऊ नका.

किडनीचा विषय निघालाच तर आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट वाचा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक चोविशीतला मुलगा यायचा, मध्ये तापाने आजारी पडला म्हणून दीड महिना आला नाही. बरा झाल्यावर मित्रांबरोबर दुसऱ्या एका जिममध्ये पुलअपचं चॅलेंज घेतलं, दम संपल्यावर स्टुलावर चढून फक्त खाली उतरायचे रेप मारत राहिला, मे महिन्याच्या उकाड्यात. तिसऱ्या दिवशी मला फोटो पाठवला, सर हात बघा कसला पंप आलाय, म्हणजे व्यायामाने स्नायू फुगतो तसा. मी फोटो बघितला, दंड आणि कोपर एकसारखं सुजलं होतं, कोपर सरळच होत नव्हतं. मी एकच विचारलं, लघवीचा रंग कसा आहे? म्हणाला कोऱ्या चहासारखा, उन्हामुळे असेल. त्याला तसंच गाडीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. रक्तात सीके नावाची तपासणी करतात, स्नायू किती दुखावलेत ते त्यातून कळतं, साधारण दोनशेच्या आत असायला हवी, त्याची कित्येक हजारांत होती. चार-पाच दिवस सलाईनवर ठेवलं, किडनी वाचली, मुलगा आज ठणठणीत आहे. पण अजून एक दिवस पंप समजून घरी बसला असता तर काय झालं असतं, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायूच्या पेशी इतक्या मोठ्या प्रमाणात फुटतात की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन रक्तात उतरतं आणि किडनीत जाऊन ती बंद पाडू शकतं. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखाली हातपाय चिरडलेले लोक जिवंत बाहेर काढल्यावरही किडनी बंद पडून दगावत होते, तिथे डॉक्टरांनी हे बारकाईने नोंदवलं. जिममध्ये ते क्वचितच होतं, पण कोणाला होतं ते ठरलेलं आहे: नवीन माणूस, मोठ्या सुट्टीनंतर किंवा तापानंतर थेट जुन्या वजनावर आलेला माणूस, पैज लावून रेप मारणारा, उकाड्यात पाणी न पिता. लघवी चहा किंवा कोलासारखी गडद, स्नायू टणक सुजलेला, हात-पाय उचलायचीच ताकद नाही, दुखणं तिसऱ्या दिवसानंतरही उतरण्याऐवजी चढतंय, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लघवीचा रंग बदललेला असेल तर रात्री दोन वाजले असले तरी इमर्जन्सीला जा आणि तिथे सांगा की मी असा असा व्यायाम केला.

साधं आंबणं आणि इजा यातला फरकही सांगून ठेवतो. आंबणं दोन्ही पायांत, पसरलेलं, बोथट, आणि दुसऱ्या दिवशी येतं. इजा बहुतेक वेळा रेप चालू असतानाच कळते, एका बाजूला, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, सांध्यात, कट् असा आवाज होऊन, मागून काळंनिळं पडतं किंवा मुंग्या येतात. त्यावर व्यायाम करून ती "मोकळी" होत नाही, ऑर्थो किंवा फिजिओला दाखवा. आणि हलका व्यायाम करूनही अंग महिनोन् महिने दुखतच राहत असेल तर डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी बघून घ्या, आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा, काही लोकांचे स्नायू त्या गोळीनेही दुखतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करायची नाही.

मग व्यायाम लागतोय हे कळायचं कसं? वही घाला. दहा रुपयांची वही घ्या, तारीख, व्यायाम, वजन, रेप लिहा. आज स्क्वॉट २० किलोवर ८ रेप निघाले, दोन आठवड्यांनी त्याच २० किलोवर तेवढंच खाली बसून ११ निघाले, तर व्यायाम लागतोय, मग मांडी दुखो न दुखो. ११-१२ रेप दोन दिवस सलग नीट निघाले की अडीच किलो वाढवा, पुन्हा ८ पासून सुरू करा. एकदम दहा किलो वाढवलंत तर दुखेल नक्की, पण त्या दुखण्याने तुमचे पुढचे दोन लेग डे बुडतील. वहीत तीन-चार आठवडे आकडा हललाच नाही तर मला झोप, खाणं आणि सेट किती मारताय ते लिहून पाठवा, तिथून पुढे बघू.

घरच्यांना सांगा की दुखत होतं ते नवीन काम पडल्यामुळे, आता थांबलंय. गुरुवारच्या लेग डेला स्क्वॉटचे तीन सेट, लेग प्रेसचे दोन, खाली जाताना दोन सेकंद मोजून, आणि लंजेस वजनाशिवाय प्रत्येक पायाने आठ-आठ. शुक्रवारी जिना उतरताना हलकं जाणवलं तर जाणवू दे, नाही जाणवलं तरी वहीत लिहायला विसरू नका.